आठवा सेकंद

महापे, एमआयडीसी, चौथा मजला.
माझं काम ऐकण्याचं.
दिवसाला बावीस कॉल, आणि समोर तक्ता :
नमस्कार केला का, नाव घेतलं का,
आवाजात हसू होतं का.
हसू ऐकू येतं. चार वर्षांत एवढं शिकले.
ओठ ताणले की स्वर पातळ होतो.
पातळ स्वराचे पाच गुण.

सात सेकंद गप्प राहिलेलं चालतं.
आठव्यापासून त्याला डेड एअर म्हणतात
आणि दोन गुण कापतात.
मी कापते.

रंजिता मढवी, तळवलीची. फोनवर रिया.
विम्याचा दावा नामंजूर झाला, हे सांगायचं तिच्याकडे.
दिलगीर आहोत म्हणायचं,
आमचं चुकलं म्हणायचं नाही.
समोरच्यानं ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही,
मग तो आईवरून गेला तरी.

मार्चमध्ये तिचे चार सेकंद असायचे.
मेमध्ये नऊ.
दिवाळीच्या आठवड्यात एका बाईनं विचारलं,
"मग ह्यांना आता घरी न्यायचं का,
एवढंच सांग ना गं."
त्यानंतर एकोणीस.
मी आवाज वाढवला.
एसीची घरघर. शेजारच्या खुर्चीतून
'आपका दिन शुभ हो'.
बांगडी टेबलाला लागल्यासारखं काहीतरी,
आणि एक श्वास, आत घेतलेला.
बाहेर आल्याचं रेकॉर्डिंगमध्ये नाही.

दोन गुण.
शेरा : संवादात उत्साहाचा अभाव.
ही ओळ तयारच असते, फक्त निवडायची.

नोव्हेंबरात मनःस्वास्थ्य सप्ताह झाला,
जेवणाच्या सुट्टीतून वेळ कापून.
पँट्रीत पिवळे फुगे. ठाण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या,
डोळे मिटा, समुद्र आठवा.
रंजिता माझ्या कानाशी : "आमचे इथं खारी हाय,
समुंदर नाय. चालंल का?"
मी हसले, खरी हसले,
तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं,
रांगेत एकतीस कॉल.

घरी मुलगा उत्तर द्यायला थांबला
की माझी बोटं मोजायला लागतात.
सासूबाई जेवताना गप्प : बारा.
परवा नवऱ्याला म्हटलं, तू आल्यावर
माझं नाव घेतलं नाहीस.
त्याला वाटलं मी लाडात आलेय.
कोपरखैरण्याचे डॉक्टर म्हणाले, झोप लागते का?
त्यांना मी पाच गुणांचं हसू दिलं.

मग तो कॉल. अकोल्याचे कुणी गृहस्थ.
रिया सगळं सांगते, कलम, उपकलम, दिलगीर आहोत,
आणि थांबते.
तेही थांबतात.
शिवी नाही, रडणं नाही.
एकेचाळीस सेकंद दोघंही तिथंच.
मग ते म्हणतात, "आहात ना अजून?"
"हाव," ती म्हणते. "हाय मी."
रियाचा आवाज नव्हता तो.

मी तो रकाना कोरा ठेवला.

माझं ऐकणारंही कुणी आहे,
पुण्याला बसतं, पाहिलेलं नाही कधी.
तीन दिवसांनी मेल आला :
डेड एअर नोंदवलेली नाही. अचूकता : असमाधानकारक.
रंजिताचा कॉल वर गेला, मग रंजिता वर गेली,
बैठकीच्या खोलीत. अकरा मिनिटं.
खाली आली ती ओळखपत्र गळ्यातून काढतच.
माझ्याकडे बघितलं का?
बघितलं असावं. मी कॉल ऐकत होते.

सोमवारी रिया परत आली.
आवाज नवा. चार सेकंद. हसू स्पष्ट.

रेकॉर्डिंग नव्वद दिवस ठेवतात.
अजून बावन्न उरलेत.
डबा उघडायच्या आधी मी ते एकेचाळीस सेकंद लावते.
सव्विसाव्याला कुणीतरी श्वास सोडतं.
ती की ते, ओळखता येत नाही.
एवढं ऐकून ऐकून.