बारा गलबतं

उम्म-अल-कुवैनपासून दोन मैलांवर
आम्ही नांगर टाकला तेव्हा रमजान होता.
आता दुसरा आलाय.
मालक आधी फोन उचलायचा,
'इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात' म्हणायचा.
आता नुसती रिंग जाते.
डिझेल रात्री दोन तास. तेवढ्यात
फोन भरायचे, भात शिजवायचा,
आणि लेफ्तेरिसची गोष्ट ऐकायची.

लेफ्तेरिस आमचा चीफ इंजिनियर. ग्रीक, साठी उलटलेली.
इंजिन थंड पडल्यापासून हाताला काम नाही,
म्हणून तोंडाला.
त्याच्याकडचा एक राजा, लढाई जिंकून
घरी निघाला तो दहा वर्षं पोचलाच नाही.
एकडोळ्या राक्षस. वाऱ्याची पिशवी. गाणाऱ्या बायका.
'खलाशांच्या कानांत मेण भरलं,' तो सांगतो,
'राजानं मात्र ऐकलं, डोलकाठीला बांधून घेऊन.'
मोफिजुल हसतो.
आम्हाला इथून टॉवरांचे दिवे दिसतात,
वारा जमिनीवरून आला की शुक्रवारी
लग्नातला ढोलसुद्धा ऐकू येतो.
आम्हाला कुणी बांधलेलं नाही.
शोअर पास नाही, एवढंच.

राणी म्हणे दिवसा विणायची, रात्री उसवायची.
'तुझीही थांबली असेल,' तो म्हणाला.
मी म्हटलं, हेमांगी कोळंबी सोलायला जाते शेडात,
बर्फानं बोटं फुटलीत तिची.
उसवायला तिनं रात्र आणायची कुठून?

काल मी विचारलं,
एकूण गलबतं किती होती रे?
'बारा.'
माणसं?
'पाचशे. सहाशे.'
आणि घरी किती पोचली?
लेफ्तेरिसनं थोटूक पाण्यात टाकलं.
ते विझल्याचा आवाजही आला नाही.
'तो,' म्हणाला.

तेवढ्यात जनरेटर बंद पडला.
अंधारात आम्ही सात जण.
ज्यांनी पिशवी सोडली ते मूर्ख,
ज्यांनी देवाच्या गाई कापून खाल्ल्या ते पापी,
नाव कुणाचंच नाही.
तेस्फाये, आमचा कुक, तांदळातले किडे
चाचपून वेचत होता. म्हणाला,
'किती दिवसांचे उपाशी होते, ते सांग आधी.'

पहाटे शमाल सुटला. साखळी कण्हत राहिली.
लेफ्तेरिस डेकवर आला, आपणहून म्हणाला,
अजून थोडी राहिलीय.
घरी पोचूनही राजा सुटला नाही.
त्यानं खांद्यावर वल्हं घेऊन चालत जायचं,
आत, आणखी आत,
जिथं समुद्र कुणी ऐकलेलासुद्धा नाही,
जिथं कुणीतरी विचारेल,
पाव्हणं, हे उफणायचं फावडं घेऊन कुठं निघालात?
तिथं ते रोवायचं
आणि पाण्याशी हिशेब मिटवायचा.

मी मनातल्या मनात वाट धरली.
आमच्या काळबादेवीत कुत्रंही वल्हं ओळखतं.
आंबा घाट चढायला हवा. मलकापूर. कऱ्हाड.
तिथंही नदी आहे, नावाडी असतील, थांबायचं नाही.
पार माणदेशात,
हेमांगीची मावशी दिलीय त्या बाजूला,
खळ्यावर बाजरी उधळत असेल एखादी बाई.
ती सूप खाली करेल,
पापणीवरचा भुसा पुसून
माझ्या खांद्याकडे बघेल, विचारेल.

मी लगेच नाही सांगायचा.
आधी पाणी मागेन,
तांब्याभर,
गोडं.