स्वयंपाकघराएवढी मराठी

दिमोनाहून पहाटेची बस, मग विमानतळ,
मग आदिस अबाबाला सात तास बाकड्यावर,
बॅगेवर पाय टाकून, कारण आईने बजावलेलं:
झोपलीस तरी एक पाय जागा ठेव.
मग पुन्हा आकाश. खाली काय काय गेलं ते कळलं नाही,
खिडकीला शेजारच्याचं डोकं टेकलेलं होतं.

अठ्ठेचाळीस वर्षांची मी,
आणि पहिला परदेश कुठला,
तर ज्याला आई अजून ‘घरी’ म्हणते तो.

काचेमागच्या साहेबाने पासपोर्ट उलटासुलटा केला.
फर्स्ट टाइम?
मी म्हटलं, हो, पयल्यांदाच आले.
त्याचा शिक्का हवेतच थांबला.
माझी आत्या असं बोलायची, म्हणाला, रेवदंड्याची.
मग शिक्का मारला,
हळूच,
कागदाला लागू नये असा.

बाहेर हवा अंगावर पडली ओल्या पंचासारखी.
डिझेल, कुणीतरी जाळलेला पुठ्ठा,
आणि मध्येच सुके बोंबील.
ते तेवढे ओळखीचे.
आमच्याकडे ते पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी असे येतात,
तरी खालच्या मजल्यावरची मोरोक्कोवाली
दोन दिवस जिना धूत बसते.

टॅक्सीवाला जौनपूरचा.
मी मराठीत, तो हिंदीत,
आणि मांडीवरचा फोन हिब्रूत:
तीनशे मीटरवर उजवीकडे.
तिघांनी मिळून कशीबशी मांडवी गाठली.

वाटेत एक कळलं.
माझी मराठी ओट्याखाली वाढलेली आहे.
तिला चमच्यापासून टोपापर्यंत सगळं येतं,
ताप, खोकला, दृष्ट, उसनी साखर,
मेल्या, सोन्या, गिळ आता.
पण पुलावर पूल चढतो त्याला काय म्हणायचं,
तिसाव्या मजल्यावर बांबूला पाय गुंडाळून उभ्या माणसाला
हाक कशी मारायची,
हे तिला कुणी शिकवलं नाही.
आई निघाली तेव्हा एवढं उंच
फक्त कावळे बसायचे.

आईचा कागद, तिच्याच अक्षरात:
सॅम्युअल स्ट्रीट. पिठाच्या गिरणीच्या अंगाला जिना.
दुसरा माळा. खाली बकरी बांधलेली असेल,
तिला हात लावू नकोस, शिंगं मारते.

एकोणीसशे अडुसष्टची बकरी.

गिरणी नाही. जिना आहे,
पायरीपायरीवर खजुराची पोती,
त्यांच्यामधून अंग चोरत वर गेले.
दुसऱ्या माळ्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांचं गोदाम.
मालक वीरजीभाई उठून उभे राहिले,
चष्मा कपाळावर:
हक्क सांगायला आलात?
नाही, म्हटलं. नुसतं बघायला.
मग त्यांनी खुर्ची पुसली,
आणि गॅलरीतून खाली ओरडले,
दोन कटिंग, एकात साखर कमी.
कमी का, ते मी विचारलं नाही.

दाराच्या चौकटीला, उजव्या हाताला,
हिरव्या रंगाखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा,
आणि सगळ्यांच्या खाली
बोटभर अंतरावर दोन खिळ्यांची भोकं,
एक जरासं वर, एक खाली, तिरकी.
मेझुझा आईने इथून उपटून नेली होती.
ती आता दिमोनाच्या दाराला आहे,
आत जाताना बाहेर येताना मी तिला हात लावत आले,
जन्मभर,
आणि ती कुठून सुटली ते ठाऊक नव्हतं.
मी भोकांत करंगळी घालून पाहिली. गेली नाही.

मग फोन लावला. तिकडे दुपारचे दोन.
केस सारखे केले, चौकटीला पाठ लावून उभी राहिले,
हसले.
आई, पोचले बघ.
ती पडद्याच्या इतकी जवळ आली
की नुसतं कपाळ दिसायला लागलं आणि एक डोळा.
बराच वेळ काही नाही.
चहावाला पोरगा आला, ग्लास ठेवून गेला.

मग म्हणाली,
यायल, जरा बाजूला हो गं.
मागचं दिसत नाही.