वांधा अर्ज

कोठी कचेरीबाहेर निंबाखाली माझं टेबल,
एका पायाखाली वीट.
एकोणतीस वर्षं इथे दुसऱ्यांची वाक्यं टाइप करतोय.
मशीन गेलं, कॉम्प्युटर आला,
वाक्यं तीच राहिली.

काल बाराजण मिळून आले.
कुमुदिनीबाई ताम्हाणे घर विकतायत,
मुलगा टोरांटोला, गुडघे कामातून गेलेले.
घेणार : रशीदाबानू मनियार, शिक्षिका, गणित.
भाग अशांत धाऱ्यातला.

इथल्या भाषेत धारा म्हणजे कायदा.
माझा मराठी कान मात्र अजून तिथे नदीच ऐकतो,
पुराच्या वर्षी विश्वामित्री गल्लीत शिरली होती तशी,
मगरींसकट,
दारावरची पाटी न वाचता.

"लिहा," म्हणाले, "आमच्या धार्मिक भावना."
ते माझ्याकडे तयारच असतं,
फक्त सर्व्हे नंबर बदलायचा.
सुर्वे रोज मारुतीला जातो,
शनिवारी अनवाणी.
सही करताना त्याचा हात अडला.
पेन चालत नाही म्हणाला.
पेन चालत होतं.
पाटणकरने बापाचं श्राद्धसुद्धा केलं नाही,
"मी काही मानत नाही बुवा,"
त्याची सही सगळ्यात आधी, ठसठशीत, खाली रेघ ओढून.
भाव पडतात हो, म्हणाला.

मग माझ्याकडे वळले. तुम्हीही त्याच गल्लीतले ना?
मी म्हटलं, अर्ज लिहिणाऱ्याला सही चालत नाही.
असा काही नियम नाही.

तर धर्मातून येतं का हे?
पाटणकरकडे बघून मी नाही म्हणालो असतो.
पण मला आई आठवते.

आई मुंग्यांना साखर घालायची.
तिच्या तोंडून कुणाबद्दल वाकडा शब्द ऐकला नाही.
बांगड्या भरायला हुरबाई यायची,
आई तिच्या दुखऱ्या खांद्याची चौकशी करायची,
तिच्या लेकीच्या लग्नात नवं कोरं पातळ दिलं,
आणि चहा द्यायची
कान तुटलेल्या कपातून.
तो कप खिडकीत, गजांच्या बाहेर, पालथा.
हुरबाई स्वतः विसळून ठेवायची.

त्या कपाला कुणी द्वेष म्हटलं असतं
तर आई रडली असती. खरंच रडली असती.
द्वेष नव्हताच तो, शिस्त होती.
तिच्या पोथ्या आता माझ्याकडे आहेत.
पानन् पान चाळलं,
कप कुठे सापडला नाही.
पण पोथी मिटून उठलेल्या हातानंच
तो भरला जायचा.

आज दुपारी रशीदाबानू आल्या,
वांध्याचं उत्तर टाइप करून घ्यायला.
काल पन्नास रुपये त्यांचे, आज पन्नास ह्यांचे.
माझ्या मसुद्यात त्यांनी तीन चुका काढल्या,
त्यातली एक बेरजेची.
बरोबर दीर होता, तोही नाराज.
"त्या लोकांत कशाला जायचं, भाभी,"
म्हणाला, आणि मला बघून थांबला.
मग हसला. मीही हसलो.
काय करणार?

त्या म्हणाल्या, "लिहा, तिथून शाळा चार मिनिटांवर आहे.
माझं वय चोपन्न. मला चालत जायचंय.
बाकी काही लिहू नका."
मी बाकी काही लिहिलं नाही.
इतकं छोटं उत्तर
ह्या टेबलावरून पहिल्यांदाच गेलं.

हुरबाई तुमच्या कोण, हे विचारायचं होतं.
तेवढ्यात चहा आला.
पैसे त्यांनी दिले, माझेही.
कागदी कपाला कानच नसतो,
सगळ्यांना सारखाच चटका.
पिऊन झाल्यावर त्यांनी आपला कप
माझ्या रिकाम्या कपात बसवला
आणि उठल्या.

तारीख पुढल्या मंगळवारची.
काय होईल ते मला माहीत आहे, त्यांनाही असावं.
मी दोन्ही कप बराच वेळ टाकले नाहीत.
मग वाकून
विटेचा कोपरा सरळ केला.
टेबल तरीही डुगडुगतंय.