मौजा साजापार, रिठी

नागपूरच्या अभिलेख कक्षात
दुपारी दोननंतर पंखा आपोआप मंदावतो.
तेव्हा मी बस्ते सोडतो.
लाल फडक्यात बांधलेली गावं.
त्यातलं हे एक, पातळ,
बोटभरही जाड नाही.

तालुका रामटेक. पुढे खोडून पारशिवनी, शाई वेगळी.
डोंगरावर. घरं चौदा. विहीर नाही, झरा एक.
मालगुजार शहरात राहणारा,
चढ बघून पायथ्यावरूनच परतलेला.
वाजिब-उल-अर्जात कुण्या कारकुनानं
सुबक अक्षरात लिहून ठेवलंय:
मोहफुलं वेचायला मनाई नाही.
साजाचं थोरलं झाड कुणी तोडू नये, त्यात यांचा देव राहतो.
साहेब मुक्कामाला आल्यास कोंबडी गावानं द्यावी.
कोंबडीखाली पेन्सिलीची रेघ.
साहेबाची की गावाची, कळत नाही.

एकोणीसशे अकरा: माणसं त्र्याहत्तर.
एकवीस: एकतीस.
मधल्या बेचाळीस जणांसाठी
शेऱ्यात शब्द एकच:
ताप.

मग खाली मँगनीज निघालं.
हे बस्त्यात नाही, खाणीच्या हजेरीपटात आहे,
तो शेजारच्या कपाटात, किल्ली हरवलेली.
पोरी टोपल्या घेऊन उतरल्या.
संध्याकाळी काळी बोटं घेऊन वर चढल्या.
पुढे पुढे चढ जास्त वाटू लागला असेल.
एकसष्ट: घरं तीन.
एक्काहत्तर: लोकसंख्येच्या रकान्यात आडवी रेघ,
आणि समोर, बेचिराग.

बेचिराग म्हणजे जिथं दिवा नाही.
इतका देखणा शब्द
आमच्या खात्यात कसा शिरला कोण जाणे.

परवा झनकलाल सरयाम आले.
कोराडी रोडच्या एका अपार्टमेंटात रात्रपाळीचे वॉचमन,
खाकी शर्टावर कंपनीचं नाव, कंपनी बंद पडलेली.
अर्जावर दहाचं तिकीट, तिरपं चिकटवलेलं.
मी म्हटलं, नक्कल कशाला? जमिनीचा दावा आहे का?
"जमीन कायची सायेब. वनखात्याची हाय ते आता.
तुमी आमच्या गावाले बेचिराग लिवलं म्हन्तात.
थे पायजे होतं पाहाले."
त्यांनी पाहिलं. ओठ हलवत, अक्षर अक्षर.
मग म्हणाले,
"सालातून दोन रात आमी राहतो तेथी. देवाच्या टायमाले.
दिवा राहते. कंदील राहते.
मागच्या साली पोट्ट्यानं बॅटरी नेली.
तं दोन रातीचं काई लिवता येते का?"

मी रकाने तपासले.
कायम वस्ती, हंगामी वस्ती, ओसाड.
दोन रात्रींना रकाना नाही.
तसं सांगितलं.
ते रागावले असते तर बरं झालं असतं.

नकाशा उलगडला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला.
झऱ्यासाठी निळा ठिपका, झाडाच्या उगवतीला.
झनकलाल हसले.
"चुकलं तुमचं. पानी मावळतीकडं हाय.
मोजनीवाला वर चढलाच नसन.
खालूनच पुसलं असन कोनाले,
अन् सांगनाऱ्यानं मुद्दाम उलटं सांगितलं असन."
"मुद्दाम? काहून?"
"पानी कोन सांगते बाप्पा, सरकारले?"

म्हणजे शंभरावर वर्षं
आम्ही एक थाप जपून ठेवली,
वाळवीपासून, पुरापासून,
दर दिवाळीत डांबराच्या गोळ्या बदलून.

नक्कल तयार होती. सहीचे साहेब रजेवर.
सोमवारी या, म्हणालो.
सोमवारी डबल ड्युटी, म्हणाले, मंगळवारी येतो.
जाताना दारातून परत वळले:
"ठिपका तेथीच राहू द्या बरं."

मी बस्ता बांधला.
गाठ नीट बसेना, दोनदा सोडून बांधली.
पंखा थांबला होता, दिवे गेले होते,
आणि आख्ख्या कक्षात
एकही चिराग नव्हता.