सगळ्यात डावी पट्टी

पियानोची सगळ्यात डावी पट्टी
कोणी फारशी वाजवत नाही.
ती काढली की कडेच्या लाकडावर
सूर लावणाऱ्याची पेन्सिल सापडते:
नाव, महिना, क्वचित शेरा.
दुकानाचा इतिहास कोणी विचारला तर वह्या नाहीत माझ्याकडे,
वह्या कसरीनं खाल्ल्या.
मी म्हणते, देवळाली कॅम्पात तीन-चार बंगल्यांत
अजून पियानो आहेत. डावी पट्टी काढून बघा.

लुकस आढाव, मार्च १९३१. उंदीर काढले, पाच.
पणजोबा शरणपूरच्या चर्चची बाकं करायचे.
मडमेनं विचारलं, ऑर्गनचा भाता शिवशील?
त्यांनी चपलेचं चामडं लावून शिवला,
आणि पुढचे दोन रविवार
स्तोत्रांना किंचित पायाचा वास होता म्हणे.

शमुवेल आढाव, जानेवारी १९४८. शेरा नाही.
साहेब गेले, पियानो राहिले.
मेसच्या लिलावात आजोबांनी अकरा उचलले,
जळणाच्या भावात.
बैलगाडी लॅम रोडच्या खड्ड्यात गेली
की आतल्या सगळ्या तारा एकदम बोलायच्या
आणि बैल जागीच थांबायचे.

त्या अकरांतला एक आम्ही सात वेळा विकला.
पारशी बाईला, निवृत्त कर्नलला, कॉन्व्हेंटला,
पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याला, मुलीच्या हट्टापायी.
दरवेळी परत आला,
माहेरी आलेल्या लेकीसारखा, उतरलेला,
काय झालं ते न सांगता.
मधल्या काळात घर पेट्यांवर चाललं.
भजनी मंडळं, शाळा, पंचवटीतले कीर्तनकार.
भाद्रपदात उधारी, वसुली देवाच्या मर्जीनं.

विल्सन आढाव, १९७४पासून.
वडील. 'ढ'ला भलंमोठं पोट.
डोंगराकडे तोफांचा सराव चालायचा,
शोकेसची काच थरथरायची,
वडील चावी खुंटीवर तशीच धरून
आवाज विरेपर्यंत उभे राहायचे.
पुढे पुढे थांबेनासे झाले.
आम्हाला वाटलं, सवय झाली.

गेल्या आठवड्यात तो सातवेळचा
पुन्हा दुरुस्तीला आला.
पट्टी काढली. लुकस. शमुवेल. विल्सन. विल्सन.
१९८६पासून पुढेही विल्सन आढावच,
पण 'ढ'चं पोट गेलेलं
आणि 'स'ला एक छोटी गाठ,
जी मी दहा वर्षं डब्यातल्या चिठ्ठीत वाचली होती:
भाजी संपव. स्वेटर विसरू नकोस.

आई.
वडिलांबरोबर नुसती हत्यारांची पिशवी धरायला जाणारी.
कुकरची शिट्टी ऐकून म्हणायची,
आज अर्ध्या सुरानं खाली आहे, रबर बदला.
आम्ही हसायचो. वडील हसायचे नाहीत.
तारसप्तक त्यांच्या कानातून कधी गेलं
ते त्या दोघांना ठाऊक, आणि त्या बंगल्यांतल्या खानसाम्यांना,
ज्यांना ती म्हणत असेल,
दार लावून घ्या, साहेबांना शांतता लागते.

मी ती पट्टी पिशवीत टाकून घरी नेली.
आईनं चष्मा लावला, अंगठ्यानं पेन्सिल पुसून पाहिली.
पुसली गेली नाही.
म्हणाली, जून होता. लाकूड फुगलेलं.
एक तार तुटली माझ्या हातून, पैसे यांनी भरले.
मग म्हणाली, कर्नलचा कुत्रा फार चावरा होता.
एवढंच. आणि कोथिंबीर निवडायला बसली.

पट्टी अजून माझ्याकडेच आहे.
बाकीचा पियानो लावून परत पाठवला,
एका सुरानं कमी.
चार दिवस झाले. गिऱ्हाईकाचा फोन नाही.