किमान सहा

विशेष सत्राला किमान सहा निबंध लागतात.
पाचच आले तर सत्र ‘सर्वसाधारण’मध्ये विरघळवतात,
कॉफीत साखर विरघळावी तसं,
फक्त कुणालाच गोड लागत नाही.

नियम माझाच. तीन वर्षांपूर्वी
ओस्मोच्या खोलीत बसून मीच टाइप केलेला,
जरा ऐटीतच.

यंदाचं सत्र माझं: ‘थोडक्या डेटावर शिकणारी यंत्रं’.
फेब्रुवारीत प्रस्ताव, एप्रिलात मंजुरी,
आणि मेपासून पत्रं,
पत्रं,
उत्तर न आलेल्या पत्रांची आठवण देणारी पत्रं.
ब्रातिस्लाव्हाचा ल्युबोमीर हो म्हणाला.
विंडहुकची एनडापेवा हो म्हणाली आणि तिनं खरंच पाठवला.
एकानं आपलाच जुना निबंध
नवी टोपी घालून धाडला.
मुदत वाढवली. मग अंतिम मुदत.
मग ‘खरोखर अंतिम’.
पिर्यो म्हणाली, कर की थोडी खोगीरभरती, कोण बघतंय?
मी बघत होते.

पाचावर गाडी अडली.

मग यार्कोचा मेल. माझा विद्यार्थी,
अर्धवट पीएचडी सोडून उत्तरेला बापाकडे गेलेला.
बापाच्या अकरा वह्या, अकरा वर्षांचे रेनडिअर,
प्रत्येकाच्या कानावरची कापीव खूण पेन्सिलीनं काढलेली.
त्यावरून खूण ओळखणारा एक छोटासा प्रोग्रॅम.
दोन समीक्षकांना आवडला.
तिसऱ्यानं लिहिलं:
‘डेटा फारच थोडा आहे.’

ते वाक्य मी शनिवारी सौनात नेलं
आणि तापल्या दगडांवर पाणी ओतता ओतता
एकटीच हसत बसले.

नोव्हेंबर. औलूत अडीचलाच अंधारतं.
आमचं सत्र शेवटच्या दिवशी, शेवटचं,
तळघरात, कोट टांगायच्या खोलीशेजारी.
माणसं नऊ. त्यातले पाच वक्ते,
एक प्रोजेक्टरवाला,
एक जण चुकून आलेला, पण उठायचा संकोच वाटणारा.
बाकी दोघं ओलसर मोजे हीटरवर धरून.
दर दोन मिनिटांनी दार उघडायचं,
कुणीतरी आपला कोट शोधायचं, सॉरी म्हणायचं.

यार्को आला नव्हता.
कळप आधीच खाली उतरला, आज कुंपणात घ्यावा लागला,
फोनवरून बोलतो, चालेल?
नियमात ते नव्हतं. चालेल म्हणाले.

पडद्यावर आधी त्याचा अंगठा दिसला.
मग बर्फ. मग दिव्यांच्या उजेडात
गोल गोल फिरणारी पाठींची, शिंगांची, वाफेची नदी.
स्लाइड एकही नाही. तो म्हणाला, ऐका,
आणि मागे बाप मोजत होता,
खूण बघायची, नाव पुकारायचं, आकडा.
प्रोग्रॅमचा आकडा यार्कोच्या दुसऱ्या हातात.
तीनशे नव्वदपर्यंत दोघं बरोबर.
मग प्रोग्रॅम दोननं पुढे.
बाप थांबला नाही. प्रोग्रॅमही नाही.
कोट न्यायला आलेली एक बाई
एक बाही घालून तशीच दारात उभी.

चारशे बारावर नेटवर्क गेलं.

पडद्यावर एक चाक फिरत राहिलं, तेही गोल गोल.
मी घड्याळ पाहिलं, सवयीनं विचारलं,
‘काही प्रश्न?’
ल्युबोमीरनं हात वर केला:
कोण बरोबर होतं?
मी सत्राची अध्यक्ष. मला ठाऊक नव्हतं.

नंतर खुर्च्या एकावर एक रचल्या,
पाण्याचे ग्लास ट्रेमध्ये ठेवले,
एनडापेवाला बसस्टॉप दाखवला. तिनं बर्फाला
हातमोजा काढून बोट लावून पाहिलं.

रात्री अहवालाचा फॉर्म उघडला.
सादर झालेले निबंध: सहा.
उपस्थिती: नऊ. मग खोडून दहा,
त्या एका बाहीसाठी.
निष्कर्ष: रकाना सक्तीचा, रिकामा ठेवता येत नाही.
बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
लिहिलं, मोजणी चालू आहे.