ढगाळ रात्रीची पाळी

ओमानच्या या डोंगरगावात
पाणी ताऱ्यांवर मोजतात.
अमुक तारा कड्याआड गेला की झुवैनाची पाळी संपली,
पुढची खल्फानची.
पाटाच्या तोंडाशी एक दगड, चार चिंध्या;
एवढंच दार.

मी प्रबंधासाठी आले होते.
वहीत चौकट आखलेली: दोन खेळगडी, चार घरं,
आणि कुठूनही मोजा, उत्तर तेच,
चोरणारा फायद्यात.
तीन आठवडे झाले, चोर सापडेना.

मग एका रात्री आभाळ भरून आलं.
म्हातारा पाटकरी सुलैयम मान वर करून उभा.
म्हटलं, माझ्याकडे घड्याळ आहे.
किती वाजले, कुणी विचारलं नाही.

झुवैना म्हणाली, झालं असेल माझं.
खल्फान म्हणाला, कुठलं? तुझा लसूण अजून कोरडा आहे.
तुझ्या खजुरांना परवा कमी पडलं ना?
ते माझं मी बघेन!
बराच वेळ हे असं उलटं भांडण,
तोवर पाणी मशिदीच्या हौदात जात राहिलं.

मला भरून आलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण
समोर उभं राहून बोलत होतं.

सुलैयम दगड सरकवत पुटपुटला,
गेल्या साली याच दोघांनी
एकमेकांवर फावडी उगारली होती.
आभाळ स्वच्छ होतं तेव्हा.

वही उघडली. अंधारात घरं दिसेनात.
आणि तू जरा बाजूला हो, तो म्हणाला,
पाटात उभी आहेस,
पाणी अडतंय.